ठशांची वही

उशांचे अभ्रे बदलायला घेतले होते. चार झाले होते, तीन बाकी होते. पाचवी उशी हनुवटीखाली दाबून मी तिला अभ्रा चढवत होते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कागदांची सुरळी.

"येऊ का? कामात दिसताय."

"या की. काम कुठे पळून जातंय!"

त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण बसणं अजून शाळेतलंच, ताठ. सुरळी उलगडत म्हणाल्या, "माझ्या भाच्याचा अर्ज आहे. लिहिलाय मीच, त्याचं अक्षर म्हणजे कागदावर कोंबडी नाचल्यासारखं. तुमच्या दिरांच्या कारखान्यात याचं काही जमतं का बघा. या आठवड्यात येणार आहेत ना ते?"

उशी माझ्या हनुवटीखालून सुटली आणि पलंगावर पडली.

"हो," मी म्हणाले. "येणार आहेत. द्या, ठेवते."

आणि मी तो अर्ज घेतला. सुबक अक्षर, समास सोडलेला, खाली भाच्याची सही. तो मी देवाच्या फडताळात, पोथीखाली ठेवला, कारण घरात दुसरी कुठलीच जागा मला सुचली नाही.

कारखाना नव्हता. कधीच नव्हता. तो आम्ही उभा केला होता. पाया ह्यांनी घातला आणि मजले मी चढवले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, आता चव्वेचाळीसचे आहेत. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक कोनाडा आहे. उभं राहिलं तर डोकं आपटतं आणि पाय पसरले तर येणारा-जाणारा अडखळतो, एवढाच. तिथे त्यांचं दुकान. एक लाकडी बाक, बाकाला चार बोल्टांनी घट्ट बसवलेला, किल्ली आवळून धरायचा लोखंडी शेगडा, कानशींचा पत्र्याचा डबा, आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आला की त्या किणकिणत. मुलं त्यांना किल्लीकाका म्हणत आणि मोठी माणसंही मुलांचं ऐकून तेच म्हणायला लागली होती.

त्यांच्या कामाची एक रीत होती. कोणालाही किल्ली करून दिली की तिचा ठसा ते वहीत ठेवत. किल्ली शाईच्या पॅडवर दाबायची, पानावर उमटवायची, खाली मजला आणि दार लिहायचं. एका दाराला एक पान. कोणाची किल्ली हरवली की तो घामाघूम होऊन यायचा, भाऊजी पान उघडायचे, आणि त्याच्यासाठी मी पाठवलेला चहा गार व्हायच्या आत नवी किल्ली त्याच्या हातात. आमच्या इमारतीतली अठ्ठावीस दारं, आजूबाजूच्या गल्ल्यांतली शे-दीडशे, सगळी त्या वहीत होती. वही बाकावर उघडी पडलेली असायची. पंचवीस वर्षांत कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. परगावी जाताना लोक घराची किल्ली सख्ख्या भावाकडे न देता आमच्या भाऊजींच्या खिळ्याला अडकवून जात.

त्यांचं लग्न राहिलं. एका घरी बोलणी करायला नेलं होतं, तर हे बसल्या जागेवरून दाराची कडी न्याहाळत होते, आणि मुलीच्या वडिलांनी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हटल्यावर म्हणाले, "ही कडी उलटी बसवली आहे कोणीतरी." त्यावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. ते पण हसायचे. मग पुढे कोणी विषय काढला नाही.

मागच्या वर्षी त्यांना वाटायला लागलं की आपण बसवलेल्या प्रत्येक कुलपात काहीतरी चूक राहिली आहे.

सुरुवातीला कळलंच नाही. दुपारचं जेवण झालं की वर जायचे, चार-दोन दारांची कुलपं ओढून बघायचे, परत यायचे. "जरा खात्री करतो, वहिनी." इमारतीतले लोक कौतुकाने म्हणायचे, "किल्लीकाकांच्या कुलपाला जन्मभराची हमी आहे बरं!" मग एकाच दाराशी दोनदा, चारदा, दहादा जायला लागले. जेवण अर्धं टाकून उठायचे. झोप गेली, डोळे खोल गेले. "वहिनी, कुठेतरी चोरी होणार आणि ते पाप माझ्या माथी येणार." एकदा मास्तरीणबाई बाजारातून परतल्या, तर हे त्यांच्या दाराशी कुलूप मुठीत धरून उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "किती हो काळजी घेता!" मी वर गेले आणि त्यांची बोटं एकेक करून कुलपावरून सोडवली.

मला जे येत होतं ते मी केलं. रोज सकाळी त्यांना माझ्याजवळ जपाला बसवलं. ते नेमाने बसायचे, डोळे मिटायचे, ओठ हलायचे. माझ्या मनाला बरं वाटायचं, की उतार पडतोय. एके दिवशी कान जवळ नेला, तर ते देवाचं नाव घेत नव्हते. ते दारं मोजत होते. पहिला मजला डावीकडचं, पहिला मजला उजवीकडचं...

देवावर माझी श्रद्धा आहे, ती कोणासाठी मी सोडणार नाही. पण त्या तीन महिन्यांत मी देवाच्या आड लपले होते, हेही मला लिहिलं पाहिजे. डॉक्टरकडे जावं लागेल हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. कोणता डॉक्टर, हेही कळलं होतं. म्हणूनच गेले नाही.

शेवटी ते जिन्यात कोसळले आणि मग काही विचारायला वेळच उरला नाही. मनाच्या आजारांचं इस्पितळ आमच्या गावापासून दोन तासांवर आहे. तिथे ठेवलं. परतताना बसमध्ये आमचे हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगायचं, कुलपांच्या कारखान्यात नोकरी लागली. लांब आहे."

"आणि सासूबाईंना?"

"आईला पण तेच."

हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहेत. भाऊ वेड्यांच्या इस्पितळात आहे म्हटल्यावर आपल्या टेबलाशी लोक कोणत्या नजरेने येतील, ही त्यांची धास्ती. मला लेकीची धास्ती. तेरा वर्षांची आहे, उद्या कोणी म्हणालं, 'त्या घरात आहे ते,' तर? धास्ती दोघांची वेगळी, पण खोटं एकच पुरलं.

खोट्याला नुसतं उभं ठेवून भागत नाही, त्याला रोज खायला घालावं लागतं. जिन्यात कोणी विचारायचं, "काय म्हणतात दीर?" मी म्हणायचे, "मजेत. राहायला खोली दिली आहे." पुढच्या आठवड्यात खोलीला खिडकी आली. मग साहेब आला, तो भाऊजींच्या हातावर खूश झाला. मग बढती झाली. हे ऐकून मास्तरीणबाईंचे डोळे कसे चमकले ते मी पाहिलं होतं, तरी माझी जीभ थांबली नाही. रोज संध्याकाळी देवापुढे क्षमा मागायची आणि सकाळी जिन्यात पुन्हा एक मजला चढवायचा, असं पाच महिने चाललं.

इस्पितळात आम्ही दर दुसऱ्या रविवारी जायचो. पहिल्या दोन वेळा त्यांनी मला नीट ओळखलंच नाही. तिसऱ्या वेळी म्हणाले, "वहिनी, तुम्ही थकलात." मी बाहेर जाऊन रडले. औषधाने हळूहळू माणूस परत येत होता, फोटो धुताना कागदावर चेहरा यावा तसा. आणि चौथ्या महिन्यात गेलो, तर हे महाशय एका कपाटापुढे मांडी घालून बसलेले, तोंडात स्क्रू. तिथल्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "आमची निम्मी कपाटं दोन वर्षं बंद होती. तुमच्या दिरांनी सगळी उघडली." भाऊजींच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. औषधांच्या खोलीची सोडून सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या होत्या. भाऊजींनी तो मला हातात घेऊन दाखवला, शाळेतलं बक्षीस दाखवावं तसा.

डॉक्टरांनी सोडताना ह्यांना बसवून सांगितलं, "गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि त्यांना कामाला बसू द्या. औषध निम्मं काम करतं, उरलेलं निम्मं त्यांचा बाक करेल." बाक हा शब्द डॉक्टरांचाच. भाऊजींनी त्यांना इतकं सांगितलं असणार त्या बाकाबद्दल.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी त्यांना कारखान्याचं सांगितलं. भाऊजींना तोवर काहीच माहीत नव्हतं.

"कुठला कारखाना, दादा?"

"आहे एक. कुलपांचा. तू तिथे होतास."

"मी काय करत होतो तिथे?"

"कुलपं."

"कसली? किती लिव्हरची?"

"अरे लिव्हर कसले विचारतोस! नुसती कुलपं. कोणी खोलात शिरणार नाही."

भाऊजींनी बसच्या खिडकीच्या कडीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "कोणी कुलूपवाला भेटला तर शिरेल." आणि मग, अगदी साधेपणाने, "दोन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती तेव्हा तर तू सगळ्यांना सांगितलं होतंस."

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोघांपुढे धरली. मला तेवढंच जमतं.

घरी आले, दुसऱ्याच दिवशी बाक पुसला आणि कामाला बसले. औषधाने हात किंचित थरथरायचा. पहिल्या तीन किल्ल्या वाया गेल्या, चौथी लागली. मी वरून कठड्यावरून बघत होते. कानस थांबली की माझे हातही थांबायचे, कानस चालू झाली की मी पुन्हा कामाला लागायचे.

आता जे लिहायचं आहे त्याची मला फार लाज वाटते. लेक दुपारी शाळेतून येऊन तिच्या खोलीत पडायची, आणि त्या वेळी भाऊजी जेवायला वर असायचे. मी तिच्या खोलीची कडी बाहेरून लावायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांच्यापासून कोणाला काही भीती नाही. मला माझ्या डोळ्यांनी दिसत होतं. तरी हात कडीकडे जायचा. कडी भाऊजींनीच बसवलेली, तिचा आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता. ताटावरून त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी मी कडी सरकवली तर ती आवाज न करता सरकली. सकाळी कधीतरी त्यांनी तिला तेल घातलं होतं.

त्या दिवसापासून मी कडी लावली नाही. पण ती तीन दिवस लावली होती, हे काही पुसलं जात नाही. म्हणून पुढे जे झालं त्यात मी कोणाला फार नावं ठेवू शकत नाही.

मास्तरीणबाई अर्जासाठी माझ्याकडे दोनदा येऊन गेल्या. मी आज-उद्या करत राहिले. तिसऱ्या वेळी त्या सरळ खाली भाऊजींकडे गेल्या. म्हणाल्या, "तुमच्या साहेबांच्या कानावर घाला ना. दीड वर्ष घरी बसलाय पोरगा. दुसरीकडून एक बोलावणं आलंय, जायचं की तुमच्या कारखान्यासाठी थांबायचं, असं चाललंय त्याचं. मी म्हटलं थांब, आपली ओळख आहे."

भाऊजींनी कानस खाली ठेवली. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, जसंच्या तसं.

"बाई, त्याला थांबवू नका. आजच्या आज पाठवा तिकडे. कारखाना नाहीये."

"बंद पडला?"

"नव्हताच. मी मनाच्या आजाराच्या इस्पितळात होतो. आता बरा आहे."

बाई पायरीवरच बसल्या म्हणे. मग एवढंच म्हणाल्या, "पाच महिने माझ्या तोंडावर खोटं बोलल्या तुमच्या वहिनी." आणि उठून गेल्या. भाचा त्या दुसऱ्या नोकरीवर वेळेत पोचला, हेही लिहून ठेवते. त्याचं भलं त्या एका वाक्याने झालं. आमचं जे व्हायचं तेही त्यानेच.

संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं. आणि कळल्यावर लोकांनी मागचं सगळं नव्याने आठवायला घेतलं. कुलपं ओढून बघणं, दाराशी उभं राहणं. काल ज्याचं कौतुक होतं त्यालाच आज काटे फुटले. मास्तरीणबाई कोणाशी तरी बोलताना मी ऐकलं: "माझ्या दाराशी उभा होता हो. मी म्हटलं, काळजी!"

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे चिटणीस कोनाड्याशी आले. सज्जन माणूस, आवाज कधी चढत नाही.

"वैयक्तिक काही नाही हां. पण ती तुमची वही... आमच्या दाराचं पान तेवढं मिळालं तर."

"हरवली का किल्ली?"

"नाही, नाही. असंच. जवळ असलेलं बरं."

भाऊजींना कळलं. त्यांनी पोलादी पट्टी लावून, धारदार पात्याने, ते पान वहीतून सरळ कापलं आणि घडी न घालता दिलं. मग रांगच लागली. कोणी मुलाला पाठवलं, कोणी बायकोला. कोणी डोळ्याला डोळा देईना. एक जण म्हणाला, "काका, गैरसमज नको." एकाने तिथेच पान टराटरा फाडलं आणि तुकडे खिशात घातले. भाऊजी प्रत्येकाचं पान तितक्याच काळजीने कापत होते, कडेचा एक तंतूही सुटू न देता.

शेवटी चिटणीस पुन्हा आले. "याची दुसरी प्रत वगैरे?"

आणि भाऊजी जुन्या सवयीने थट्टेत बोलून गेले. "प्रत कशाला हवी? पंचवीस वर्षं घासतोय. पानं न्या खुशाल, डोक्यातलं कसं नेणार?"

वर्षभरापूर्वी हे ऐकून लोक हसले असते, पाठीवर थाप मारली असती. चिटणीस हसले नाहीत. मागे उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भाऊजींच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, उतरवायचं कसं ते कळत नसल्यासारखं.

दोन दिवसांनी बाजारातला दुसरा कुलूपवाला आला आणि एकेका मजल्यावर नवी कुलपं बसवायला लागला. दोन दिवस इमारतभर ड्रिल चालू होतं. भिंती थरथरायच्या, कपाटातले कप वाजायचे. भाऊजी पलंगावर बसून ऐकत होते. मी म्हटलं, "रेडिओ लावू का मोठ्याने?" ते म्हणाले, "बिट बोथट झालंय त्याचं. लाकूड जळतंय. वास येतोय बघा." नंतर म्हणाले, "कोणीतरी सांगायला हवं त्याला." पण कोण सांगणार होतं?

मग सभेची नोटीस लागली. विषय तिसरा: जिन्याखालची जागा पाण्याच्या पंपासाठी मोकळी करणे. पंप गेली अकरा वर्षं गच्चीवर सुखाने आहे.

सभेच्या दिवशी मी पहाटेपासून जप करत होते. देवाला म्हटलं, तुझ्याकडे कधी बोलण्याची बुद्धी मागितली नव्हती, गप्प बसण्याचीच मागत आले; आज दहा वाक्यं दे. तिसरा विषय निघाला तशी मी उठले. ह्यांनी माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच केलं.

"पंप गच्चीवर बरा आहे," मी म्हणाले. "आणि कोनाड्यात माझे दीर बरे आहेत. ते आजारी होते. औषध घेतलं. बरे झाले. खोटं मी बोलले, ह्यांनी सुरू केलं आणि मी वाढवलं. त्यांनी तर पहिली संधी मिळताच खरं सांगितलं, आणि तेही स्वतःसाठी नाही. तुमच्या एकाच्याही घरातून पंचवीस वर्षांत सुई तरी गेली का? मग कोनाडा ठेवा. डॉक्टर म्हणतात, त्यांचा बाक म्हणजे त्यांचं औषध आहे."

बऱ्याच जणांनी माना हलवल्या. चिटणीस म्हणाले, "वहिनी, तुमचं दुःख आम्हाला समजतं." मला वाटलं, देवाने ऐकलं.

मग मागून कोणीतरी बोललं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारावं तसं. "पण वहिनी, इतकं साधं होतं, तर लपवलंत कशाला? तुम्ही घरची माणसं. तुम्हालाच भीती वाटली, तर आम्हाला का वाटू नये?"

मी उभीच राहिले. दहा वाक्यं संपली होती. अकरावं नव्हतं.

मतं घेतली. मास्तरीणबाईंनी आधी मांडीकडे बघितलं, मग हात वर केला, खांद्याइतकाच. एकोणीस पंपाच्या बाजूने, एक विरुद्ध. तो एक हात माझा. ह्यांनी हात वर केलाच नाही, ना इकडे ना तिकडे. हे लिहिताना मला त्यांचा राग येत नाही, फक्त ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले दिसत राहतात.

शेगडा भाऊजींनी स्वतःच सोडवला. चारही बोल्ट गंजले होते, अख्खी सकाळ लागली. तो आता त्यांच्या पलंगाखाली आहे, त्याच्याशेजारी कानशींचा डबा आणि गोणीत भरलेल्या कोऱ्या किल्ल्या. पंप अजून गच्चीवरच आहे. कोनाड्यात कोणीतरी सायकल लावतं.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात भाऊजी घरातली सगळी कुलपं, कड्या, बिजागऱ्या नीट करून बसले. दुसऱ्या आठवड्यात नीट करायला काही उरलं नाही. मग दाढी थांबली, आंघोळ थांबली, बोलणं थांबलं. सासूबाईंना खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. त्या म्हणतात, "कारखान्याने बोलावलं नाही का रे परत?" त्यावर भाऊजी "नाही आई" म्हणतात. दिवसभरात बोललेले हे दोनच शब्द असतात कधी कधी.

परवा मी त्यांच्या उशाशी बसले. म्हटलं, "काहीतरी बोला ना." कूस बदलून म्हणाले, "वहिनी, तिकडे असताना रोज वाटायचं, घरी जायचंय. त्यावर दिवस ढकलायचो. आता घरीच आहे. आता कुठे जायचंय असं वाटून घेऊ?"

मी त्यांना देव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आज सकाळी त्यांच्या खोलीत झाडताना कानशींचा डबा पुढे ओढला, तो नेहमीसारखा वाजला नाही. उघडला. कानशींच्या खाली रुमालात गुंडाळलेल्या गोळ्या. त्या मीच रोज त्यांच्या तळहातावर ठेवते, पाण्याचा पेला देते आणि विश्वासाने पाठ फिरवते. अकरा होत्या.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "टाकून द्यायच्या म्हणून ठेवल्यात, की साठवल्यात?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." ते म्हणाले, उद्याच घेऊन या. तोवर एक मिनिट एकटं सोडू नका. त्यांना सरळ विचारा, की जीव नकोसा झालाय का. विचारल्याने काही बिघडत नाही, न विचारल्याने बिघडतं. घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा.

मी विचारलं. भाऊजी भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "ठरवलं नाही अजून." मग, "येतो उद्या. तुम्ही आहात ना बरोबर?" मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ह्यांना कचेरीत फोन केला. उद्या रजा घेतील. अर्जात कारण काय लिहिणार विचारलं तर म्हणाले, "आईच्या डोळ्यांचं लिहितो." मला त्यावर भांडायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. 'बरं' म्हटलं.

कपाटातला पत्र्याचा डबा रिकामा करून त्यात सगळी औषधं भरली आहेत. त्याला कुलूप हवं. घरात भाऊजींच्या हातची चाळीस तरी कुलपं पडली आहेत, पण त्यातलं एकही चालणार नाही. ती त्यांच्या बोटांना पाठ आहेत. नवं आणलं तरी ते किती वेळ टिकेल त्यांच्यापुढे, हे मला कळतं. तरी आणायला हवं.

सासूबाईंना त्यांच्याजवळ बसवलं आहे. चार वाजलेत. बाजारातल्या त्या दुसऱ्या कुलूपवाल्याकडून एक लहान कुलूप आणायला निघते.